न्यूटनची वलयं: प्रॅक्टिकलला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतक्या कमी सामानात प्रकाशाची तरंगलांबी हाती देणारे प्रयोग थोडेच आहेत. काचेची सपाट पट्टी, तिच्यावर पालथं ठेवलेलं समतल-बहिर्वक्र (एक बाजू सपाट, दुसरी फुगीर) भिंग, त्यावर 45 अंशांत तिरकी बसवलेली काच, सोडियमचा दिवा आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप (सरकवून अंतर मोजता येणारा), बस्स. भिंग आणि पट्टी यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरामुळे एकात एक काळी-पिवळी वर्तुळं दिसतात, तीच न्यूटनची वलयं. तरीही बऱ्याच मुलांचा पहिला तास वलयं शोधण्यातच जातो, कारण ती केवढी असतात हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून सुरुवात आकारापासून. भिंगाची वक्रता त्रिज्या 100 सेमी धरली, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात पहिल्या काळ्या वलयाचा व्यास जेमतेम 1.5 मिमी येतो, दहाव्याचा 4.9 मिमी आणि विसाव्याचा 6.9 मिमी. म्हणजे वीस वलयांचा सगळा पसारा कपाळावरच्या टिकलीएवढा. मायक्रोस्कोप उगाच इकडेतिकडे फिरवून तो सापडत नाही. आधी मायक्रोस्कोप बाजूला सरकवा आणि तिरक्या काचेतून सरळ वरून नुसत्या डोळ्यांनी खाली बघा. मांडणी बरोबर असेल तर भिंगावर पिवळ्या उजेडात एक बारीक काळा ठिपका आणि त्याभोवती रेषा दिसतात. भिंग आणि पट्टी मिळून हलक्या हाताने सरकवत तो ठिपका मध्यावर आणा, मगच त्यावर मायक्रोस्कोप आणा.

ठिपका दिसतच नसेल तर कारणं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे 45 अंशांची काच उलट्या बाजूला झुकलेली असते. दिव्याचा प्रकाश तिच्यावर आपटून खाली भिंगाकडे जायला हवा, तो वर छताकडे जात असतो. दिवा आणि काच यांच्यामध्ये कोरा कागद धरून-काढून बघा. भिंगावरचा पिवळा उजेड कमी-जास्त होत नसेल तर काच फिरवा. दुसरं, भिंग उताणं ठेवलेलं असतं. फुगीर बाजू पट्टीला टेकली पाहिजे. सपाट बाजू खाली गेली तर वलयांऐवजी रुंद, वाकडेतिकडे पट्टे दिसतात किंवा काहीच दिसत नाही. बोटाने चाचपून ही वक्रता कळत नाही, इतकी ती मंद असते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दोन्ही बाजूंवर पाहा, म्हणजे फरक लक्षात येतो. तिसरं कारण घाण. भिंग आणि पट्टी स्पिरिट लावलेल्या मऊ कापसाने पुसा, कोरडी करा आणि नंतर फक्त कडेने धरा.

सोडियमचा दिवा लावल्यावर आधी लालसर-गुलाबी दिसतो. तो निऑनचा रंग. सोडियमची वाफ व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर रीडिंग घेऊ नका. एकदा लावला की काम संपेपर्यंत बंद करू नका. पट्टीखाली काळा कागद असेल तर वलयं उठून दिसतात.

आता फोकस. आधी आयपीस फिरवून क्रॉसवायर (आतल्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा) स्वच्छ दिसेल असं करा. मग बाजूने बघत मायक्रोस्कोप काचेच्या अगदी जवळ न्या आणि आयपीसमधून बघत हळूहळू वर उचला. वर नेताना काच फुटायची भीती नसते, खाली आणताना असते. वलयं दिसतात ती भिंग आणि पट्टी यांच्यामधल्या हवेच्या थरापाशी, म्हणून पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावरचे धुळीचे कण स्पष्ट झाले की वलयंही स्पष्ट होतात. डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवल्यावर क्रॉसवायर वलयावरून सरकली तर पॅरॅलॅक्स शिल्लक आहे. तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

रीडिंग घेताना क्रॉसवायर मध्यापासून डावीकडे नेत काळी वलयं मोजा. बाविसाव्यापर्यंत जा, तिथून उलटे फिरा आणि विसाव्यापासून रीडिंग सुरू करा. पुढे 18, 16, 14 असं 6 पर्यंत, मग मध्य ओलांडून उजवीकडे 6 ते 20. या पूर्ण प्रवासात स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. एखादं वलय ओलांडून पुढे गेलात तर ते रीडिंग सोडून द्या, मागे येऊ नका. ज्या मायक्रोस्कोपमध्ये ड्रमवर माप वाचतात, तिथे स्क्रूच्या ढिलाईमुळे दिशा बदलली की ड्रम फिरतो पण क्रॉसवायर जागची हलत नाही. व्हर्नियरच्या मायक्रोस्कोपमध्ये माप थेट सरकत्या भागावरून घेतात, त्यामुळे हा दोष कमी असतो, तरी सवय हीच ठेवावी. क्रॉसवायर काळ्या पट्ट्याच्या मधोमध ठेवा. आतली चार-पाच वलयं जाड आणि पसरट असतात, त्यांचा मध्य नेमका सापडत नाही, म्हणून ती सोडायची. विसाच्या पलीकडे वलयं फार दाट होतात: एकोणीस आणि वीस यांच्या त्रिज्यांत 0.09 मिमीहूनही कमी अंतर असतं, आणि मायक्रोस्कोपचं लघुतम माप असतं 0.01 मिमी.

काळ्या वलयासाठी सूत्र आहे: व्यासाचा वर्ग = 4 × n × λ × R. यात n म्हणजे वलयाचा क्रमांक, λ तरंगलांबी आणि R भिंगाची वक्रता त्रिज्या. उत्तर मात्र एका वलयावरून काढू नका. m आणि n क्रमांकांच्या दोन वलयांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घ्या आणि त्याला 4 × (m − n) × R ने भागा. त्याहून चांगलं म्हणजे व्यासाचा वर्ग आणि n यांचा आलेख काढून त्याचा चढ घ्या. R 100 सेमी असेल तर विसाव्या आणि दहाव्या वलयांच्या वर्गांतला फरक 0.2357 चौ. सेमी येतो. त्याला 4000 ने भागलं की 5.893 × 10⁻⁵ सेमी, म्हणजे 5893 अँगस्ट्रॉम.

फरक घेण्यामागचं कारण समजलं की हा प्रयोग खऱ्या अर्थाने समजला, असं आम्हाला वाटतं. मध्यभागी धुळीचा कण अडकून भिंग किंचित उचललं गेलं, तर मध्य काळा न राहता पिवळा दिसू शकतो. मुलं घाबरतात, पण उचलल्यामुळे व्यासाच्या प्रत्येक वर्गातून एक ठरावीक संख्या वजा होते आणि फरक घेताना ती निघून जाते. पहिलं वलय कोणतं यात घोटाळा होऊन सगळे क्रमांक एकाने पुढे-मागे झाले, तरी चढ तोच राहतो. इतकंच काय, क्रॉसवायरचा छेदबिंदू नेमका मध्यातून न जाता थोडा वर किंवा खाली राहिला आणि व्यासाऐवजी जीवा मोजली गेली, तरीही जीवेचा वर्ग व्यासाच्या वर्गापेक्षा प्रत्येक वलयाला तेवढाच कमी असतो. आलेखाची रेषा वर-खाली सरकते, तिचा कल बदलत नाही. म्हणून रेषा शून्यातून गेली नाही तर ती ओढूनताणून शून्यातून नेऊ नका.

मात्र मोजता मोजता मध्येच एक वलय सुटलं तर सूट नाही. दहा समजून अकरा वलयांचा फरक घेतला तर उत्तर 6480 च्या आसपास येतं, नऊचा घेतला तर 5300 च्या आसपास. असे आकडे आले की आकडेमोड तपासत बसण्याऐवजी पुन्हा मोजा. आलेखावर ही चूक लगेच दिसते: बिंदू सरळ रेषेत येतात, मध्येच पायरी पडते आणि पुन्हा सरळ जातात.

सगळ्यात मोठी चूक मात्र मायक्रोस्कोपपाशी होत नाही, R पाशी होते. R मधल्या चुकीची टक्केवारी जशीच्या तशी उत्तरात उतरते. R मोजतात स्फेरोमीटरने: तीन पाय आणि मध्ये वर-खाली होणारा स्क्रू असलेलं उपकरण. स्फेरोमीटरच्या पायांमधलं अंतर 4 सेमी आणि R 100 सेमी असेल, तर मधल्या स्क्रूची उंची येते फक्त 0.267 मिमी. स्फेरोमीटर 0.01 मिमीपर्यंतच वाचतो, म्हणजे एका घराची चूक पावणेचार टक्के, तरंगलांबीत सुमारे 220 अँगस्ट्रॉम. म्हणून आधी सपाट काचेवर शून्य पाच वेळा घ्या, मग भिंगावर पाच वेळा, आणि सरासरी काढा. पायांचे ठसे कागदावर उमटवून तिन्ही बाजू मोजा. स्फेरोमीटरने R काढून कुणाचं उत्तर 5700 किंवा 6050 आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते जसंच्या तसं जर्नलमध्ये लिहा आणि चुकीची मर्यादा सोबत द्या. आकडे फिरवून 5893 आणू नका. परीक्षकांना स्फेरोमीटरची मर्यादा माहीत असते.

भिंगावर 100 सेमी लिहिलेलं असेल तर ते नाभीय अंतर आहे की वक्रता त्रिज्या, हे विचारून घ्या. साध्या काचेचा अपवर्तनांक 1.5 धरला तर समतल-बहिर्वक्र भिंगाची वक्रता त्रिज्या नाभीय अंतराच्या निम्मी असते. दोन्ही बाजूंनी सारखं फुगीर भिंग असेल तर त्रिज्या आणि नाभीय अंतर सारखंच. उत्तर बरोबर निम्मं येण्यामागे बहुधा हाच गोंधळ असतो. काही अभ्यासक्रमांत तरंगलांबी दिलेली असते आणि R काढायला सांगतात. त्यात स्फेरोमीटर लागत नाही, आणि उत्तर त्याच्यापेक्षा बरंच चांगलं येतं.

वलयं गोल न दिसता लंबगोल दिसली तर चौकटीचे स्क्रू पाहा. भिंग आवळून बसवलं की काच थोडी वाकते. स्क्रू भिंग जागेवर धरण्यापुरतेच असतात.

व्हायव्हात हमखास विचारतात, मध्य काळा का. स्पर्शबिंदूपाशी हवेच्या थराची जाडी नगण्य असते. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून प्रकाश काचेतून हवेकडे जाताना परततो, तिथे कला (फेज) बदलत नाही. खालच्या पृष्ठभागावर हवेतून काचेकडे जाताना परततो, तिथे अर्ध्या तरंगाचा फरक पडतो. दोघं एकमेकांना खोडतात. थॉमस यंगने हे फार सुंदर रीतीने पडताळलं: एक भिंग क्राउन काचेचं, दुसरं फ्लिंट काचेचं, आणि मध्ये ससाफ्रास तेल, ज्याचा अपवर्तनांक दोन्ही काचांच्या दरम्यान येतो. दोन्हीकडे सारखाच बदल झाला आणि मध्य उजळ दिसला. पट्टीऐवजी आरसा ठेवला तर काय, असाही प्रश्न येतो. खाली गेलेला प्रकाशही आरशावरून परत येतो, त्याची वलयं नेमकी उलटी असतात, दोन्ही एकावर एक पडून सगळीकडे सारखा उजेड दिसतो.

द्रवाचा अपवर्तनांक काढायचा असेल तर भिंग न उचलता ड्रॉपरने कडेला एक-दोन थेंब सोडा, थेंब आपोआप आत ओढला जातो. वलयं आकसतात: पाण्यात विसावं वलय 6.9 मिमीवरून सुमारे 5.95 मिमीवर येतं. त्याच दोन क्रमांकांसाठी व्यासांच्या वर्गांतल्या हवेतल्या फरकाला द्रवातल्या फरकाने भागलं की अपवर्तनांक मिळतो, R आणि तरंगलांबी दोन्ही लागत नाहीत. वलयं एकदम फिकट होतात, कारण काच आणि हवेच्या सीमेवरून सुमारे 4 टक्के प्रकाश परततो, तर काच आणि पाण्याच्या सीमेवरून अर्धा टक्काही नाही. खोलीतले दिवे बंद करा आणि डोळा अंधाराला सरावू द्या. बुडबुडा अडकला तर त्याच्या आतली वलयं हवेची असतात, ती मोजू नका; भिंग काढून पुसून पुन्हा थेंब सोडा. काम झाल्यावर भिंग आणि पट्टी पूर्ण कोरडी करून ठेवा, नाहीतर पुढच्या बॅचला हवेच्या रीडिंगमध्ये पाण्याची वलयं मिळतील.