रास्पबेरी पायवर अँड्रॉइड स्थिर कसे झाले
वडोदऱ्यात दांडिया बाजारातील घरी आईला जुन्या टीव्हीवर मराठी वृत्तपत्रे मोठ्या अक्षरांत वाचता यावीत, म्हणून मी ४ जीबी रॅमच्या रास्पबेरी पाय ४ या एकाच बोर्डावरील छोट्या संगणकावर अँड्रॉइडवर आधारित लिनिएजओएस या कार्यप्रणालीची अनधिकृत आवृत्ती बसवली. परंतु ब्राउझर उघडताच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होई. त्याच क्षणी बोर्डावरील लाल दिवा विझे, आणि माझ्या मते हाच निर्णायक पुरावा होता, कारण वीजपुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो दिवा विझतो. मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल काढून ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर जोडताच दोष नाहीसा झाला. उरलेला संथपणा कार्यप्रणाली ज्यावर होती त्या मायक्रोएसडी कार्डाचा होता. निळ्या यूएसबी ३ पोर्टवर एसएसडी (वेगवान साठवण ड्राइव्ह) लावल्यावर तोही बराच कमी झाला.