बटाट्यावरचा मावा : मोजायचा कशासाठी आणि पाला कापायचा कधी

दिवाळीच्या मागेपुढे लावलेला रब्बी बटाटा आता महिन्याचा होत आला आहे. भर लावून झाली, सऱ्या झाकू लागल्या. दोन दिवस आभाळ भरून राहिले की गावात विचारणा सुरू होते, "मावा पडलाय, काय मारू?" हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारतो : या रानातला बटाटा बाजारात जाणार की त्यातले बेणे, म्हणजे पुढच्या लागवडीचे बटाटे, ठेवणार? दोन्ही रानांत मावा, म्हणजे पानामागे बसून रस शोषणारा बारीक किडा, तोच असतो, पण करायचे काम वेगळे असते.

खाण्याच्या बटाट्यावर पानामागे चार-दोन मावे दिसले म्हणून उत्पादन घटत नाही. रस शोषून झाड खंगायला माव्याची मोठी वस्ती लागते. बेण्याच्या रानात मात्र एकच पंखवाला मावा एका रोगट झाडावरून उठून निरोगी झाडावर बसला, तरी पुरे. त्या झाडाच्या पाल्यावर यंदा काही दिसेल किंवा दिसणारही नाही, पण विषाणू खाली बटाट्यात उतरतो आणि पुढच्या लागवडीला डोळ्यातूनच वर येतो. "बेणे उतरले" असे आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा हेच असते. खत तेच, पाणी तेच, तरी झाडे बुटकी राहतात, बटाटे लहान येतात, आणि दोष जमिनीला दिला जातो.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. रान हिरवेगार होते, पाला जोमात होता, म्हणून मावा मोजलाच नाही आणि त्याच रानातले मध्यम आकाराचे बटाटे निवडून बेण्याला ठेवले. पुढच्या लागवडीत महिनाभरातच खालची पाने वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली. हाताने दाबली की कडकड वाजत. ते पाहिल्यापासून बेण्याच्या रानात भिंग आणि वही घेतल्याशिवाय मी जात नाही.

मावा विषाणू कसा नेतो हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या. बटाट्यात माव्यामुळे पसरणारे दोन विषाणू सर्वांत त्रासदायक आहेत : पानगुंडाळीचा विषाणू, म्हणजे पीएलआरव्ही, आणि बटाट्याचा वाय विषाणू, म्हणजे पीव्हीवाय. पानगुंडाळीचा विषाणू उचलायला माव्याला रोगट झाडावर काही तास रस शोषत बसावे लागते. मग तो विषाणू माव्याच्या आतड्यातून रक्तात आणि तिथून लाळेत पोहोचतो. याला साधारण एक दिवस जातो. त्यानंतर मात्र तो मावा मरेपर्यंत रोग पसरवत राहतो. इथे आपल्या हाती वेळ असतो, म्हणून आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणाऱ्या, कीटकनाशकाचा उपयोग होतो.

पीव्हीवायची गोष्ट अगदी वेगळी आहे. हा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकालाच चिकटतो. पान आपल्या उपयोगाचे आहे का हे पाहायला मावा क्षणभर सोंड टोचतो, तेवढ्यात विषाणू लागतो. पुढच्या झाडावर पुन्हा क्षणभर टोचले की तिथे पोहोचतो. फवारलेल्या पानावर बसून मावा मरतो हे खरे, पण मरण्याआधी त्याने टोचलेले असते. त्यातून काही पायरेथ्रॉइड गटातली औषधे माव्याला बेचैन करतात. तो एका जागी न थांबता झाडाझाडांवर फिरतो आणि टोचण्या उलट वाढतात. ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या हे माव्याचे शत्रूही याच फवारणीत मरतात. दर आठवड्याला टाकी मारूनही बेणे का उतरले, याचे उत्तर बहुधा इथे असते.

म्हणून बेण्याच्या रानात मावा मोजायचा तो मुख्यतः पाला कापायची तारीख ठरवायला. ही पद्धत आपल्या देशातच तयार झाली. पूर्वी निरोगी बेणे सिमल्याकडच्या थंड डोंगरांतून आणावे लागे, कारण तिथे मावा कमी. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत डॉ. पुष्करनाथ यांनी उत्तरेच्या मैदानी भागातही माव्याशिवायचा काळ असतो हे हेरले आणि १९६० च्या दशकात त्यावरून बेणे-क्षेत्राची पद्धत रूढ झाली. निरोगी बेणे ऑक्टोबरमध्ये लावायचे, डिसेंबर सरताना पाणी तोडायचे आणि जानेवारीत मावा वाढण्याआधी पाला कापून टाकायचा. पाला नसला की माव्याला टोचायला काही राहत नाही आणि विषाणू बटाट्यात उतरत नाही. आज पंजाबातले बेणे मंचरच्या बाजारात उतरते, त्यामागे हाच हिशेब आहे.

आपल्याकडे, आंबेगाव-खेड-जुन्नर पट्ट्यात किंवा साताऱ्याकडे, थंडी पंजाबइतकी कडक पडत नाही. माव्याशिवायचा लांबलचक काळ आपल्याला मिळत नाही. ढगाळ हवेचे चार दिवस मिळाले की तो वाढतोच. मादीला नराची गरज नसते, ती थेट पिल्ले घालते, आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले घालू लागतात. त्यामुळे घरचे बेणे एक हंगाम, फार तर दोन हंगाम वापरावे आणि मग खात्रीचे प्रमाणित बेणे आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या एक-दोन हंगामांसाठी तरी पुढचे कष्ट घ्यायलाच हवेत.

आता मोजणी. पीक साधारण महिन्याचे झाले की आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, सकाळी उन्हाचा चटका सुरू होण्याआधी रानात जा. बांधाकडून आत आणि पुन्हा बांधाकडे असे नागमोडी चालत ३३ झाडे निवडा. चांगले किंवा वाईट दिसणारे झाड मुद्दाम निवडू नका, पावले मोजून जिथे थांबाल तेच झाड घ्या. प्रत्येक झाडाचे एक वरचे, एक मधले आणि एक खालचे पान पाहायचे. ही झाली ९९ पाने, एक पान आणखी घेतले की १००. इथे एक चूक फार होते. बटाट्याचे पान म्हणजे देठासकट सगळ्या पर्णिका, म्हणजे देठावरची छोटी पाने, मिळून एक पान; यालाच संयुक्त पान म्हणतात. एकेक पर्णिका पान म्हणून मोजली तर आकडा भलताच कमी येतो आणि आपण गाफील राहतो.

पान तोडू नका. देठाला धरून हळूच उलटे करा, कारण झटका बसला तर मावा खाली पडतो. खालची पाने मातीला टेकलेली असतात म्हणून ती पाहायचा कंटाळा येतो, पण बटाट्यावरचा हिरवा मावा, म्हणजे पीच मावा, नेमका खालच्या जून पानांवर असतो. तो फिकट हिरवा, पिवळसर किंवा गुलाबी छटेचा असतो. कपाशी, भेंडी आणि वेलवर्गीय भाज्यांवर दिसणारा मावाही बटाट्यावर येतो. तो पिवळसर ते काळपट हिरवा असतो आणि त्याच्या पाठीमागच्या दोन नळ्या गडद दिसतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. पांढऱ्या कातीचे तुकडे मोजू नका. फुगून तपकिरी पडलेला मावाही मोजू नका, त्याच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू आहे आणि ते आपल्या कामाचे आहे. त्याची नोंद मात्र वहीत वेगळी ठेवा.

वहीत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन रकाने करा. बिनपंखी वस्ती एका जागी बसून राहते, रान ओलांडून रोग आणतो तो पंखवाला. तो पानावर थोडाच वेळ थांबतो, म्हणून पाने पाहून त्याचा पूर्ण अंदाज येत नाही. त्यासाठी पिवळा रंग. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पिवळ्या रंगाचे घमेले. त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घाला, काठाखाली दोन-तीन छिद्रे पाडून त्यावर बारीक जाळी लावा, म्हणजे पाऊस आला तरी मावा वाहून जात नाही. एकराला दोन घमेली पुरतात, एक वाऱ्याच्या बाजूच्या बांधाजवळ आणि एक आत. मावा मारायला हे सापळे लावत नाही आपण, तो कधी आला हे कळायला लावतो. ब्रिटनमध्ये रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेचे १२.२ मीटर उंचीचे हवा शोषणारे सापळे १९६४ पासून उडता मावा मोजत आहेत, आणि तिथले बेणे-उत्पादक ते आकडे पाहून आपली कामे ठरवतात. आपले घमेले तेच काम आपल्या रानापुरते करते.

आकडा लक्षात ठेवायचा तो २०. १०० संयुक्त पानांवर २० मावे झाले की बेण्याच्या रानातला पाला कापायची वेळ आली. घमेल्यात एकदम पंखवाले वाढले आणि पानांवर १२-१५ असले, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. पाणी पाला कापायच्या आठ-दहा दिवस आधी तोडायचे असते, म्हणून बटाटा सत्तर दिवसांच्या पुढे गेला की आकड्यावर बारीक लक्ष हवे. पाला जमिनीलगत कापा आणि रानाबाहेर न्या. कापल्यावर बुडातून पुन्हा कोवळे फुटवे आले तर तेही लगेच काढा. माव्याला तो कोवळा पाला फार आवडतो आणि विषाणूही त्यातून लवकर उतरतो. अर्धवट कापलेला पाला ठेवण्यापेक्षा न कापलेला बरा. त्यानंतर १५ ते २० दिवस बटाटे जमिनीतच ठेवा, साल पक्की होऊ द्या, मग काढा.

"पाला हिरवा असताना कापला तर माल कमी निघतो," ही तक्रार खरी आहे. म्हणूनच सगळे रान बेण्याला धरू नका. एकराच्या लागवडीला साधारण दहा क्विंटल बेणे लागते. लवकर पाला कापूनही गुंठ्याला दीड क्विंटलच्या आसपास धरले, तर सहा-सात गुंठ्यांचा वेगळा तुकडा पुरतो. तो थोडा लवकर लावा आणि वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी, मोहरीपासून दूर ठेवा. कारण या पिकांतून मावा येतो आणि पहिल्या तिघांत पीव्हीवायही वस्तीला असतो. मागच्या पिकातले राहिलेले बटाटे बांधावर उगवले असतील तर आधी ते उपटा. आणि बेण्याला ३० ते ६० ग्रॅमचाच बटाटा हवा असतो, मोठा झालेला तसाही बेण्याचा नाही.

या तुकड्याभोवती गव्हाच्या किंवा ज्वारीच्या चार-पाच ओळी लावल्या असतील तर उत्तम. पंखवाला मावा उघडी जमीन आणि हिरवा पाला जिथे मिळतात त्या कडेला आधी उतरतो. तिथे गहू असला तर तो त्याला टोचून पाहतो आणि सोंडेवरचा पीव्हीवाय तिथेच निघून जातो. मात्र गहू आणि बटाटा यांच्यात मोकळी पट्टी सोडू नका, नाहीतर बटाट्याची कड पुन्हा उघडी पडते. सऱ्यांवर लागवडीनंतर लगेच पेंढा पसरल्यानेही मावा उतरणे कमी होते, कारण उघडी जमीन झाकली जाते. खनिज तेलाची फवारणी पीव्हीवायचा प्रसार कमी करते, पण नवा पाला फुटत राहतो म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. गंधक किंवा ताम्रयुक्त औषधात ती मिसळू नका आणि भर उन्हात करू नका.

कीटकनाशक घ्यायचेच असेल तर डब्याच्या लेबलवर बटाटा आणि मावा हे दोन्ही शब्द आहेत का ते पाहा, मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस तिथले पाळा, आणि एकाच गटाचे औषध लागोपाठ वापरू नका. फोरेटचे दाणे सरीत टाकायची जुनी सवय अजून काहींना आठवते. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, कुणी देऊ केले तरी घेऊ नका.

रोगट झाडे उपटणे हे काम मोजणीइतकेच मोलाचे आहे. पहिली फेरी महिन्याच्या आत, दुसरी पंचेचाळीस-पन्नास दिवसांवर, तिसरी पाला कापण्याआधी. बेण्यातूनच पानगुंडाळी आलेले झाड बुटके, उभट दिसते आणि त्याची खालची पाने गुंडाळतात. यंदा मावा टोचून रोग झाला असेल तर वरची पाने बुडाशी गुंडाळतात आणि फिकट किंवा जांभळट होतात. पीव्हीवायमध्ये पानावर हिरवे-पिवळे ठिपके आणि सुरकुत्या येतात, पानामागच्या शिरा काळ्या पडतात, खालची पाने वाळून खोडाला लटकून राहतात. पाण्याचा ताण आणि काळी खपली हा बुरशीजन्य रोग यांमुळेही पाने वळतात, म्हणून संशय आला तर एक पाणी देऊन चार दिवसांनी पुन्हा पाहा. शेंड्याची पाने आखडलेली असतील तर पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू असू शकतो, तेही झाड काढा. झाड उपटताना ते आधी पिशवीत घाला, मग उपटा, म्हणजे त्यावरचा मावा शेजारी जात नाही. खालचे सगळे बटाटे आणि जुने बेणेही खणून काढा. एक बटाटा राहिला तरी तो पुन्हा फुटतो.

काढलेले बेणे शीतगृहात ठेवणार असाल तर ठीक. अरणीत, म्हणजे सावलीत झाकलेल्या ढिगात, ठेवणार असाल तर मोड फुटू लागल्यावर दर आठवड्याला वरचे-मधले-खालचे बटाटे काढून मोडांवर भिंग फिरवा. मावा अरणीतल्या मोडांवरही वस्ती करतो, आणि रानात जपलेल्या बेण्यात पानगुंडाळी तिथे शिरू शकते. मोडांवर मावा दिसला तर ते बटाटे वेगळे काढून खाण्याला वापरा, आणि अरणीच्या जवळ कोबी-वांग्याची रोपवाटिका असेल तर ती दुसरीकडे हलवा.