बालवाडीच्या बाईंची मे महिन्यातली तयारी

जूनच्या मध्यावर आपली चर्चची बालवाडी उघडते, आणि त्याआधी कुठल्यातरी चर्चच्या हॉलमध्ये बाईंचं एक दिवसाचं शिबिर असतं. सांगली-मिरजेकडच्या बायकांनो, तिथं रिकाम्या हाताने जाऊ नका. चहा-पोहे होतात, 'तुमची सेवा फार थोर' असं कुणीतरी म्हणतं, आणि संध्याकाळी घरी आलं की त्यातलं काही आठवत नाही. उभारी भाषणातून येत नाही हो. आपल्या वर्गातली एखादी अडचण सोबत नेली आणि तिच्यावर दोघीतिघींनी डोकं लावलं, की येते.

म्हणून आधी गेल्या वर्षीची निरीक्षणाची वही काढा. वही नसेल तर निदान पाच मुलं आठवा आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा. 'फार चळवळ्या आहे' हे निरीक्षण नव्हे, ते आपलं मत झालं. असं लिहा: पाटीवर रेघ ओढताना पेन्सिल मुठीत धरतो, मणी ओवताना मात्र अंगठा आणि तर्जनी बरोबर वापरतो. एवढं लिहिलं की पुढचं सुचतं. त्या मुलाला अख्खा खडू द्यायचाच नाही, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा द्यायचा. तो मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. पायाभूत स्तराच्या, म्हणजे बालवाडी ते दुसरीच्या, २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयाच्या मुलांना परीक्षा नको, निरीक्षण हवं, असंच म्हटलंय. तरी पालक विचारणारच, 'एबीसीडी कधी घेणार?' तेव्हा हीच वही पुढे करायची.

शिबिरात विचारायचा एकच प्रश्न घरून लिहून न्या. दहा नेले तर एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

साहित्यासाठी दुकानात पैसे घालण्याआधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक फेरी मारा. सतारीसाठी लागणाऱ्या वाळल्या भोपळ्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर टिचकी मारून जाड-पातळ आवाज ओळखायचा खेळ होतो. कडा घासून गुळगुळीत करूनच मुलांच्या हातात द्या. बाकी चिंध्या, बुचं, शेंगांची टरफलं घरात असतातच.

प्रार्थनेचं आणि बायबलमधल्या गोष्टींचं काय करायचं, ते शाळा समितीत आधीच ठरवून घ्या. आपल्याकडे सगळ्याच घरांतली मुलं येतात. मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत लहान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवायचं तर पालकांची संमती लागते, संविधानाच्या २८व्या कलमात ते स्पष्ट आहे. संमतीपत्र प्रवेशअर्जालाच जोडा. जे नको म्हणतील त्यांच्या मुलांना त्या वेळात चित्र काढायला बसवा, बाहेर उभं करू नका. शिष्य दटावत असतानाही येशूने मुलांना कवेत घेतलं आणि आशीर्वाद दिला. आधी त्यांना काही पाठ म्हणायला लावलं नाही. आपल्या वर्गाला तेवढं वळण लागलं तरी खूप.

नदीकाठच्या वस्तीत वर्ग असेल तर हजेरीपट, प्रवेशअर्ज आणि पालकांचे फोन नंबर वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि नंबरांचा एक फोटो मोबाइलमध्येही असू द्या. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा असतो, धोक्याची पातळी ४५ फूट. पण आपली शाळा त्याच्या किती आधी बंद करायची, हे जूनमध्येच ठरवा.

मदतनीस मावशींनाही शिबिराला न्या. डबे उघडताना, शी-शू करवताना मुलं त्यांच्याशी जेवढं बोलतात तेवढं आपल्याशी बोलत नाहीत.

राहिला मानधनाचा विषय. सेवा म्हणून पत्करलेलं काम असलं तरी घरभाडं काही सेवेत धरलं जात नाही, आणि हे बोलायला लाज वाटू द्यायची नाही. प्रशिक्षणाचा प्रवासखर्च आणि वाढीव मानधन यांचा अर्ज पाळकसाहेबांच्या कानावर घालून शाळा समितीकडे मे संपायच्या आत द्या. तोंडी नको, लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.