दुबईत बसायचं, शारजाला परतायचं

दुबईची नोकरी ठरली की गावाकडचे मित्र पगाराच्याही आधी विचारतात, "तिथं मिळते का रे?"

मिळते. कुवेतला निघालेल्याची गोष्ट वेगळी, तिथं दारूबंदी आहे. दुबईत मात्र तुम्ही मुस्लिम नसाल आणि २१ वर्षं पूर्ण असाल, तर एमिरेट्स आयडी (तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र) दाखवून दुकानातून बाटली घेता येते. त्यासाठीचा परवाना २०२३ पासून फुकट झाला. आपल्याकडे महाराष्ट्रातही प्यायला परवाना लागतो, पण बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो? त्यामुळे नव्याने आलेल्या आपल्या माणसाला वाटतं, अरे, उगाच घाबरत होतो, इथं तर सगळं मोकळं आहे. गडबड होते ती इथून पुढे.

प्यायचा कायदा वेगळा आणि गाडीचा वेगळा. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत सूट आहे. म्हणून आपण हिशेब करायला शिकलेलो असतो: एकच बिअर, वर पोटभर जेवण, मग अर्धा तास गप्पा, की झालं. अमिरातीत हा हिशेबच नाही. तिथं मर्यादा शून्य आहे.

२९ मार्च २०२५ पासून नवा संघीय वाहतूक कायदा लागू झाला. दारू पिऊन गाडी चालवली तर कैद आणि २० हजार ते १ लाख दिरहम दंड, किंवा दोन्हींपैकी एक. लायसन पहिल्या वेळी किमान तीन महिने निलंबित, दुसऱ्या वेळी सहा महिने, तिसऱ्या वेळी रद्दच. त्या अवस्थेत कुणाचा जीव गेला तर किमान एक वर्ष कैद आणि किमान १ लाख दिरहम दंड. २०१७ च्या नियमांतले २३ ब्लॅक पॉइंट (लायसनवर चढणारे दंडाचे गुण) आणि ६० दिवस गाडी जप्त हे वेगळंच. २४ पॉइंटांना लायसन जातं, म्हणजे २३ नंतर वर्षभर श्वासही जपून घ्यायचा. वीस हजार दिरहम म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या पुढे. नव्या इंजिनिअरचा तीन-चार महिन्यांचा पगार.

आम्ही दुबईला लागून असलेल्या शारजा अमिरातीत, अल नहदाला, चौघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. दुबईपेक्षा भाडं कमी, म्हणून दुबईत नोकरी करणारे निम्मे मराठी लोक तिकडंच असावेत असं मला वाटायचं. पण शारजात पूर्ण दारूबंदी. बार नाही, दुकान नाही, गाडीच्या डिकीत बंद बाटली सापडली तरी गुन्हा. दुबईची अल नहदा आणि शारजाची अल नहदा यांच्यामध्ये एक रस्ता आहे, आणि तो ओलांडला की कायदा बदलतो. जुने लोक शारजापलीकडच्या अजमान अमिरातीतून स्वस्त माल आणायचे. वाट शारजातून, म्हणून मुद्दाम मागून गाडी ठोकून "पैसे दे, नाहीतर पोलिसांना बोलावतो" म्हणणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी ते रंगवून सांगत. खऱ्या किती, खोट्या किती, देव जाणे.

तर आमचं असं ठरलेलं: शुक्रवारी दुबईतल्या 'बर दुबई' भागात बसायचं आणि परत आणायला आमचा माळकरी. पंढरपूरकडचा, गळ्यात तुळशीची माळ, दारूला शिवायचा नाही. आमच्यासमोर बसून लिंबू सोडा प्यायचा, सगळ्यांच्या वाटचे शेंगदाणे संपवायचा आणि गाडी चालवायचा. २०२५ च्या जूनमध्ये तो वारीसाठी सुट्टीवर गेला. त्या शुक्रवारी मी सर्दीने घरी झोपलेला. आमचा सांगलीकर गाडी घेऊन एकटाच गेला.

दोन बिअर. पार्किंगमधून मागे घेताना उभ्या गाडीच्या बंपरला घासली. खरचटलं, बस. आपल्याकडे काय झालं असतं? थोडी शाब्दिक चकमक आणि हजार रुपयांत मिटलं असतं. यानेही पाचशे दिरहम पुढे केले. समोरचे काका सभ्य होते, पण म्हणाले, "बेटा, पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला हात लावणार नाही." खरंच लावत नाही. अमिरातीत अपघाताचा पोलीस रिपोर्ट असल्याशिवाय गाडी दुरुस्तीला घेत नाहीत. नवीन माणसाला हीच गोष्ट कुणी सांगत नाही. रस्त्यात पकडलं जाण्यापेक्षा एखाद्या फालतू ओरखड्यामुळे पोलीस समोर येतात, आणि ते आले की वास लपत नाही.

पोलीस हिंदीत, अगदी शांतपणे बोलले. "सिर्फ दो बिअर," हा म्हणाला. त्याला वाटलं, खरं बोललो तर सोडतील. ठाणं, रक्ततपासणी, रात्रभर कोठडी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊन त्याचा पासपोर्ट जमा केला तेव्हा तो सुटला. कागदपत्रं अरबीत होती आणि याने सगळ्यांवर मुकाट सह्या केल्या होत्या. असं करू नका. दुभाषा मागा, मागितला म्हणून कुणी रागावत नाही.

कोर्टात वीस हजार दंड आणि तीन महिने लायसन बंद. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर घालवायचा अधिकारही कोर्टाला असतो, तेवढं मात्र टळलं. विमा कंपनीने काकांच्या गाडीचा खर्च भरला आणि मग तो याच्याकडूनच वसूल केला. पिऊन चालवलेल्या गाडीबाबत पॉलिसीत ती सोय असतेच. हा सेल्स इंजिनिअर, जबल अलीपासून रास अल खैमापर्यंत रोज साइट भेटी. लायसन नाही म्हटल्यावर कंपनीने त्याला गोदामात बसवलं आणि कमिशन थांबलं. चौथ्या प्रयत्नात मिळालेलं लायसन होतं ते! दुबईची ड्रायव्हिंग टेस्ट ज्याने दिली आहे त्यालाच ही कळ समजेल.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दलही सांगतो, कारण साइटवाल्यांना ती जास्त नडते. शरीर दारू हळूहळूच जाळतं. रात्री एकपर्यंत बसलात आणि सहाला साइटवर निघालात, तर डोकं साफ वाटलं तरी रक्त साफ नसतं. मर्यादा शून्य असलेल्या देशात आंबट ढेकर येत असताना स्टिअरिंग धरू नये.

समुद्रकिनारी किंवा वाळवंटात डिकी उघडून "दोन-दोन" घेणं हा चुकीचा बेत. परवानगी नसलेल्या सार्वजनिक जागी पिण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १ लाख दिरहमपर्यंत दंड किंवा दोन्ही. टॅक्सीत मात्र बिनधास्त बसा, फक्त भाड्यावरून ड्रायव्हरशी वाद घालू नका. तो गाडी ठाण्यावर नेऊ शकतो आणि मग दंगा केल्याचा मामला होतो. गाडी नेलीच असेल तर ती घरापर्यंत चालवत आणून देणारे ड्रायव्हर ॲपवर मिळतात. महाग पडतात. वीस हजारांइतके नाही.

आणि आईने बॅगेत भरलेलं खोकल्याचं औषध तपासा. त्यात कोडीन (अफूच्या वर्गातलं द्रव्य) असेल तर ते अमिरातीत नियंत्रित औषध आहे, मामला थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातो. त्या नशेत गाडी चालवण्याचा दंड ३० हजारांपासून २ लाख दिरहमपर्यंत आहे.

माळकरी वारीहून परतला, सगळं ऐकलं आणि एक शब्दही बोलला नाही. पुढच्या शुक्रवारी त्याने घरातल्या सगळ्या गाड्यांच्या चाव्या गोळा करून तांदळाच्या डब्यात पुरल्या. तेव्हापासून ती पद्धतच पडली. एकदा शनिवारी सकाळी खिचडीच्या कुकरमध्ये काहीतरी खडखडायला लागलं, तेव्हा कुणाची चावी ते ओळखायला शिट्टी पडायची वाट पाहावी लागली.