धरणकाठी आणि माळावर तंबूचा मुक्काम: जागा हेरण्यापासून आवरण्यापर्यंत

गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा, चणकापूर... नाशिक जिल्ह्यात धरणांना तोटा नाही, आणि येवला-नांदगावकडे सरकलं की माळच माळ. नळ, संडास, वीज, राखणदार यांपैकी काहीच नसलेल्या ठिकाणी रात्र काढायची तर निम्म्याहून जास्त काम जागा निवडण्यातच असतं. जागा चुकली की महागडा तंबूही वाचवत नाही.

मोकळी दिसणारी जागा बेवारस नसते, हे आधी पक्कं डोक्यात ठेवा. धरणाचं पाणी उतरेल तशी उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर. ती कसायला दिलेली असते आणि हिवाळ्यात तिच्यात हरभरा, गहू असतो. नुकतं पेरलेलं रान लांबून नुसत्या मैदानासारखं दिसतं, आणि त्यावरून गाडी गेली की कोणाचं तरी बियाणं वाया जातं. डोंगराकडची जमीन वनखात्याची, माळ बहुधा गायरान नाहीतर मालकीचा. त्यामुळे काठावर जाण्याआधी गावात जा. पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटून किती जण, कुठे, किती रात्री ते सांगा. गाडीचा नंबर आणि मोबाइल नंबर देऊन ठेवा. रानातल्या माणसाला "दादा, इथं तंबू टाकला तर चालेल का? सकाळी नऊला निघू" एवढं विचारलं तरी पुष्कळदा होकारासोबत बरी जागाही कळते. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात (राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, २०२०) आणि काळविटांसाठी राखलेल्या ममदापूरच्या माळावर वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबायचं नाही.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. मार्चनंतर गवत काडीसारखं पेटतं आणि दुपार सोसवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो; मोकळ्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुमचा तंबूच असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की काचा लावून गाडीत बसा, झाडाखाली नाही.

जागेवर दुपारी चारपर्यंत पोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, आणि अंधारात जमीन वाचता येत नाही. काठावर आडवी गेलेली वाळक्या काड्या, शेवाळ, प्लॅस्टिक यांची रेघ शोधा. पाणी तिथवर आलं होतं, याची ती खूण. तंबू त्या रेघेच्या वर हवा आणि पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं, लांब. गंगापूरच्या वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणं आहेत. तिथून पाणी सुटलं की गंगापूरची पातळी आभाळ निरभ्र असतानाही चढते. गाळाचा काठ फसवा असतो तो उतारामुळे. पन्नास फुटाला एक फूट उतार असेल तर पाणी फूटभर चढलं की पन्नास फूट आत येतं. धरणाच्या खालच्या अंगाला, कोरड्या नदीपात्रात तर कधीच झोपू नका. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडायचं पाणी, सुटलं की तेच पात्र वाहायला लागतं.

उंचीवर थांबण्याचं दुसरं कारण थंडी. रात्री गार हवा उतरून पाण्याजवळच्या खोलगटात साचते, दव तिथेच जास्त पडतं. निफाडकडचा पारा थंडीत एक आकडी होतो, तेव्हा पाचसहा मीटर वर चढल्याचा फरक पहाटे अंगाला कळतो. जाड पांघरुणापेक्षा खालचं अंथरूण महत्त्वाचं, कारण थंडी जमिनीतून चढते: फोमची चटई, तिच्यावर घोंगडी.

आता जमीन. गाळाला वरून भेगाळलेला वाळका पोपडा असतो आणि खाली लोण्यासारखा चिखल. काठी हातभर सहज आत गेली तर तिथे तंबूही नको, गाडीही नको. काळ्या मातीत पाऊस आला की गाडी हलत नाही, म्हणून गाडी मुरमाच्या वाटेवरच ठेवा. आणि पायाखाली बघा: पाणी उतरेल तशा शेतकरी पाणी उपसायच्या मोटारी पुढे सरकवतात, आणि खांबापासून मोटारीपर्यंतची केबल गवतातून, चिखलातून, कधी पाण्यातून गेलेली असते. तिला जागोजागी चिकटपट्टीचे जोड असतात. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणजे संध्याकाळी मुकी असलेली तार मध्यरात्री जिवंत होते. केबलपासून दहा पावलं लांब राहा, ती उचलून बाजूला करू नका आणि मोटारीशेजारच्या पाण्यात उतरू नका. पोहायला तर नाहीच. तळाला गाळ असतो, मासेमारीची जाळी असतात, बुडालेल्या विहिरी असतात.

तंबूखाली ताडपत्री टाका, पण तंबूपेक्षा चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर लहान. बाहेर राहिली तर पाऊस-दव झेलून तळाशी नेते. माळावर कुसळी गवत असेल तर आधी जागा हाताने चाचपा. तिची कुसळं पिळासारखी वळत कापडात शिरतात आणि हवेच्या गादीला भोक पाडतात. तंबूसोबतच्या बारीक तारेच्या खुंट्या मुरमात वाकतात. लोहाराकडून वीतभर लांबीच्या सळईच्या खुंट्या करून घ्या आणि वरचं टोक तंबूपासून लांब झुकेल अशा तिरक्या ठोका. खाली कातळ लागला तर दोरी आडव्या काठीला बांधा आणि काठीवर, तंबूच्या बाजूला, पाच-सात किलोचे दगड रचा. दोरी थेट दगडाला गुंडाळली की कडेला घासून रात्रीत तुटते.

शेकोटी गवताळ माळावर नको, असंच आमचं ठाम मत आहे. एका ठिणगीने लागलेला वणवा गुरांचा वर्षाचा चारा नेतो. परवानगी असेल आणि काठावर उघडी माती असेल तरच, चहूबाजूंनी तीन मीटर जागा साफ करून, वीस लिटर पाणी शेजारी ठेवून पेटवा. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेत हात घालता आला पाहिजे. स्वयंपाक गॅसवर करा. पहाटे ब्युटेनची डबी मलूल जळते, कारण थंडीत आतला दाब कमी होतो. ती कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा. डबीवरच बसणारा स्टोव्ह असेल तर वाऱ्याचा आडोसा चहूबाजूंनी करू नका, डबी तापून फुटू शकते. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पिण्याचं पाणी गावातूनच भरून न्या, माणशी दिवसाला पाच लिटर. धरणाचं वापरायचंच तर चौपदरी कापडातून गाळून खळखळ उकळी एक मिनिट येऊ द्या. पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग असेल तर उकळूनही पिऊ नका, त्यातलं विष उकळून जात नाही. शौचासाठी पाण्यापासून तेवढंच, ६० मीटर लांब, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करून बुजवा. कागद, पॅड पिशवीतून परत.

तंबूची चेन सतत बंद ठेवा. मण्यार रात्री उबेला अंथरुणात येते, आणि तिचा दंश दुखत नाही म्हणून कळतही नाही. बूट आत ठेवा, घालण्यापूर्वी झटका. लघवीला उठलात तर बॅटरी आणि बूट दोन्ही हवेत. फुरसं हा दुसरा विषारी साप दगडाशेजारी पडून असतो. दंश झालाच तर चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय काठीला बांधून स्थिर करा, चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. जवळचं असं रुग्णालय कोणतं, ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. बिबट्याच्या भागात उरलेलं मटण, हाडं तंबूजवळ टाकली की आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर.

मार्चपासून माळावर टिटवीची अंडी असतात: खडीत ओंजळभर खळगा, त्यात चार मातकट ठिपकेदार अंडी, चार पावलांवरूनही न दिसणारी. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला की पाऊल जपून मागे घ्या आणि तंबू दुसरीकडे हलवा.

सकाळी दव वाळल्यावरच तंबू घडी करा, ओला बांधला तर दोन दिवसांत बुरशी धरते. खुंट्या मोजा; विसरलेली सळई गुराच्या खुरात जाते. रचलेले दगड विखरा, आणि निघाल्याचं पोलीस पाटलांना फोनवर कळवा, नाहीतर संध्याकाळी कोणीतरी बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला काठावर येईल.