घरी केलेल्या डान्स ट्रॅकचा मिक्स गढूळ वाटतोय? या चुका टाळा

हेडफोनवर दणदणीत वाजणारा ट्रॅक दुसऱ्याच्या स्पीकरवर लावला की किक (बेस ड्रमचा ठोका) गायब होते, बेस नुसता घुमत राहतो आणि सिंथ कानाला टोचतो. मग नवीन प्लगइनची शोधाशोध सुरू होते. तिथेच थांबा. डान्स ट्रॅकमधली बहुतेक दुखणी खालच्या पट्टीत असतात आणि ती काहीतरी कमी करूनच बरी होतात.

किक आणि बेस एकाच जागी

हाउस आणि टेक्नोमध्ये किकचा गाभा बहुधा 50 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो. बेसलाइन खालच्या ‘जी’वर असेल तर तिचा पाया 49 हर्ट्झवर येतो, ‘ए’वर असेल तर 55 वर. म्हणजे दोघांनाही तीच जागा हवी. ईक्यूला (वारंवारतांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी तळ कोणाचा ते ठरवा. किक लांब आणि जड असेल तर बेस थोडा वर घ्या किंवा दोन किकच्या मधे वाजवा. बेसच खोल हवा असेल तर किकची शेपटी छाटा. एवढ्यानेच बराच गढूळपणा जातो. मग बेसची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका आणि ज्या बाजूला तळ भरीव वाटेल ती ठेवा.

साइडचेन, म्हणजे किक वाजली की कॉम्प्रेसरने बेसला दाबणं, यानंतर. इथे चूक होते ती रिलीजमध्ये, म्हणजे तो दाब सुटायला लागणाऱ्या वेळात. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 ठोके) दोन किकमध्ये साधारण 469 मिलीसेकंद असतात आणि ऑफबीटचा, म्हणजे दोन किकच्या बरोबर मधला, बेस 234 व्या मिलीसेकंदाला येतो. रिलीज 300 वर असेल तर बेस येतो तेव्हा कॉम्प्रेसरने त्याला अजून दाबूनच धरलेलं असतं, आणि आपण बेसचा फेडर उगाच वर ढकलत राहतो. 150 पासून सुरुवात करा आणि कानाने जुळवा. रिलीज फारच कमी केला तर बेस खरखरतो, तेही लक्षात ठेवा.

खोलीवर आंधळा विश्वास

समोरासमोरच्या भिंतींत 3 मीटर अंतर असेल तर खोली साधारण 57 हर्ट्झला घुमते, म्हणजे नेमकी किकच्या जागी. भिंतीजवळ ती वारंवारता फुगते, बरोबर मध्यावर जवळपास नाहीशी होते. मध्यावर बसणारा माणूस तळ वाढवत जातो आणि बाहेर सगळा ट्रॅक बदबदतो. 40 ते 120 हर्ट्झपर्यंत एकाच पातळीचा साइन टोन हळूहळू सरकवून ऐका. कुठे फुगतो, कुठे बुडतो ते टिपून घ्या. खुर्ची थोडी पुढे-मागे केली तरी फरक पडतो. तळाचा अंतिम निर्णय मात्र हेडफोनवर आणि ओळखीच्या ट्रॅकशी ताडूनच घ्या.

आवाज मोठा ठेवून मिक्स करणं हीसुद्धा फसवणूकच. मोठ्या आवाजात कानाला बेस जास्त जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. शेजारी बसून सहज बोलता येईल इतपत आवाज पुरे.

सोलो करून ईक्यू

पॅड (मागे लांब पसरलेला सिंथचा सूर) एकटा ऐकून सुंदर केला की तो गर्दीत हमखास आडवा येतो. सगळं वाजत असताना ईक्यू करा. 200 ते 400 हर्ट्झचा पट्टा आधी तपासा, कारण पॅड, व्होकल, बेसचे वरचे स्वर आणि रिव्हर्ब (घुमारा) सगळे तिथे साचतात. पण सरसकट प्रत्येक चॅनेलवर हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावू नका, ट्रॅक कागदासारखा पातळ होतो. रिव्हर्बच्या रिटर्नवर, म्हणजे फक्त रिव्हर्बचा आवाज येतो त्या चॅनेलवर, तो जरूर लावा.

रुंदीचा मोह

साधारण 100 हर्ट्झच्या खाली सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला सारखंच, ठेवा. मग पूर्ण मिक्स मोनोमध्ये ऐका. मुख्य सिंथ बारीक झाला तर वाइडनर (आवाज रुंद पसरवणारा इफेक्ट) काढा आणि मधोमध एक साधा मोनो थर द्या. अनेक क्लबमध्ये साउंड सिस्टिम मोनोच असते, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

मास्टरवर लिमिटर लावून मिक्स

लिमिटर (आवाजाला ठरावीक मर्यादेवर अडवणारं साधन) चालू असला की चुकीचा बॅलन्सही दमदार वाटतो. पीक −6 डीबीच्या आसपास राहू द्या. तुलनेसाठी घेतलेला तयार ट्रॅक आपल्या मिक्सइतकाच कानाला मोठा वाटेपर्यंत खाली आणा, नाहीतर दरवेळी तोच जिंकेल. लिमिटर बंद केल्यावर ड्रॉप (ट्रॅकचा सगळ्यात जोरदार भाग) ढासळत असेल तर दोष फेडरमध्ये आहे. सगळे फेडर खाली घ्या, आधी किक, मग बेस, असं एकेक परत वर आणा.