दूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं अंतर चुकलं की लोक सूत्रावर खापर फोडतात. सूत्र सहसा बरोबर असतं, घोळ असतो तो त्यात भरलेल्या आकड्यांत.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं. तो ५१.२८ असा भरला की विमानतळ २० किलोमीटर दक्षिणेला सरकतो. मिनिटांना ६० ने भागा: २८ चे ०.४७, म्हणून ५१.४७. लांबच्या अंतरात एवढा फरक खपून जाईल, पण पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरणं महागात पडतं. न्यूयॉर्कच्या जेएफकेचा रेखांश −७३.७८. उणे गाळलंत की तो थेट किर्गिझस्तानात पोचतो. गंमत म्हणजे हीथ्रोपासून मोजलं तर चूक कळतही नाही. लंडन शून्य रेखांशाला लागून असल्यामुळे ५,५४० किमीच्या जागी ५,६०० येतात, इतकंच. तेच तोक्योच्या नारिताहून मोजा, अंतर निम्म्यावर येतं. म्हणून पडताळा एकाच जोडीवर घेऊ नका.

एक्सेलमध्ये साइन, कोसाइनला कोन रेडियनमध्येच (अंश × π ÷ १८०) द्यावा लागतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरा. एक अंश रेखांश म्हणजे १११ किमी हा हिशोब फक्त विषुववृत्तावर चालतो. ६० अक्षांशावर तो निम्मा होतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजणं तर सोडूनच द्या.

मैल दोन प्रकारचे असतात. सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा १.६०९ किमीचा. सिंगापूर-न्यूयॉर्क सुमारे ८,२८० सागरी मैल, म्हणजे १५,३०० किमीच्या आसपास. साधे मैल समजून गुणलंत तर दोन हजार किमी गायब!

आता वेळ. अंतराला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने नुसतं भागून भागत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांसाठी ३०-४० मिनिटं वाढवा. वारा सोडू नका: सरासरी १०० किमी वेगाचा वारा धरला, तर हीथ्रो-जेएफके जाताना तो समोरून येतो म्हणून ८०० ने भागायचं, येताना मागून येतो म्हणून १,००० ने. उड्डाणाचे सात तास विरुद्ध साडेपाच. वेळापत्रकात दोन्ही दिशांचे तास वेगळे दिसतात ते यामुळे. शिवाय विमान नेहमी सर्वात जवळच्या मार्गाने जाईलच असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-तोक्यो प्रवास साडेनऊ तासांवरून १३ च्या घरात गेला.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका. तोक्योहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला उतरतं, म्हणजे निघण्याआधी सात तास! दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा. हिवाळ्यात ५ चे ८:०० होतात, १० चे १८:००. प्रवास १० तास. मार्चमध्ये जास्त जपा: अमेरिकेची घड्याळं युरोपच्या आधी पुढे होतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान वाटेत थांबू शकतं. न थांबणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ बघा, आणि थांबा असेल तर प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा.